कागदी संघांची कुळकथा

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील फुटबॉलहून अगदीं वेगळा आहे. लांबट चेंडू हातीं घेऊन अगर फेंकून, प्रतिपक्षाच्या फळींतून वाट काढीत पुढें सरकावयाचें, हें त्याचें स्वरूप. या खेळाचा खरा हंगाम सप्टेंबरांत सुरू होतो. परंतु त्यापूर्वीं, मुख्यतः ऑगस्ट महिन्यांत, कांहीं सामने असे होतात कीं, त्यांतील जयापजय अजिंक्यपदाच्या हिशेबांत धरला जात नाहीं. आश्चर्य हें कीं, या हिशेबाबाहेरच्या सामन्यांवरही लोक कागदावर आपापले संघ निवडतात आणि त्यांवर खरे पैसे लावतात. ही चाल कशी पडली आणि तिनें कायद्यापुढें कोणता पेंच उभा केला, याचा इतिहास उद्‌बोधक आहे.

या खेळाचें मूळ एका पडत्या काळांत आहे. १९६२ सालीं कॅलिफोर्नियांतील ऑकलंड रेडर्स हा संघ १४ पैकीं १३ सामने हरला. त्या वर्षीं संघ पूर्वेकडील दौऱ्यावर असतां, न्यूयॉर्क येथील एका हॉटेलांत तिघे गृहस्थ एकत्र बसले. संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख, संघाच्या प्रसिद्धीचें काम पाहणारे बिल टनेल आणि 'ऑकलंड ट्रिब्यून' पत्राचे बातमीदार स्कॉटी स्टर्लिंग, हे ते तिघे. गोल्फ व बेसबॉल या खेळांवर असे कागदी डाव विंकेनबाख यांनीं पूर्वींच रचले होते. आतां फुटबॉलचे नियम ठरले. निरनिराळ्या संघांतील खेळाडू निवडून प्रत्येकानें आपला काल्पनिक संघ बांधावा; मैदानावर ते खेळाडू जें करतील त्याचे गुण मालकाच्या खातीं जमा व्हावे; हंगामाअखेर ज्याचे गुण अधिक तो विजयी. पुढील वर्षीं, म्हणजे १९६३ च्या ऑगस्टांत, विंकेनबाख यांच्या घराच्या तळघरांत आठ संघांची पहिली निवड झाली. प्रथम पुकारलें गेलें तें जॉर्ज ब्लँडा या क्वार्टरबॅकचें, म्हणजे संघाची चाल ठरवून चेंडू फेंकणाऱ्या नायकाचें नांव. त्याच मंडळींपैकीं अँडी मूसालिमास यांनीं १९६९ सालीं ऑकलंड येथील आपल्या मद्यगृहांत हा खेळ सामान्य गिऱ्हाइकांस खुला केला.

या मूळ खेळाचे दोन विशेष ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. एक, खेळणारे एकमेकांस ओळखत होते. दुसरा, संघ एकदां निवडला कीं तो सबंध हंगाम सांभाळावयाचा असे. त्यामुळें ऑगस्टांतील सामन्यांचा उपयोग केवळ पारखण्यापुरता होता. नवा गडी पळतो कसा, जुन्याचें दुखणें बरें झालें कीं नाहीं, एवढें पाहून निवडीस बसावयाचें. त्या सामन्यांवरच डाव मांडण्याचें कोणाच्या मनांत आलें नव्हतें.

तो बदल एका कायद्याच्या आडवाटेनें घडला. २००६ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेनें आंतरजालावरील बेकायदा जुगाराची देवघेव रोखणारा कायदा केला. त्यांत काल्पनिक संघांच्या खेळास कांहीं अटींवर वगळलें होतें. बक्षिसें आगाऊ जाहीर केलेलीं असावींत. निकालांत खेळणाऱ्याचें ज्ञान व कौशल्य दिसावें. आणि तो एकाच सामन्यावर अवलंबून नसून, अनेक सामन्यांतील निरनिराळ्या खेळाडूंच्या कामगिरीच्या आंकड्यांवर मुख्यतः ठरावा. निकाल सबंध हंगामानंतरच लागला पाहिजे, असें मात्र त्यांत कोठेंही म्हटलें नव्हतें. ही फट हेरून हंगामाचा खेळ एका दिवसांत आटोपूं लागला. २००९ सालीं 'फॅनड्युएल' आणि २०१२ सालीं बॉस्टन येथें 'ड्राफ्टकिंग्ज' या कंपन्या निघाल्या. 'ड्राफ्टकिंग्ज'च्या नेहमींच्या रीतींत निवडणाऱ्यास ५०,००० काल्पनिक डॉलर मिळतात. प्रत्येक गड्यास किंमत ठरलेली असते. आणि तेवढ्यांत नऊ जागा भरावयाच्या असतात. नामांकित गडी महाग असल्यानें एक घेतला कीं दुसरीकडे काटकसर करावी लागते. प्रवेशाची फी मात्र खऱ्या नाण्यांत द्यावी लागते.

आतां हा डाव ऑगस्टांतील सामन्यांवर मांडला म्हणजे काय होतें तें पाहावें. १९७८ सालीं मुख्य हंगामाचे सामने १४ वरून १६ झाले, तेव्हां हंगामापूर्वींचे सामने सहांवरून चार झाले. २०२१ सालीं मुख्य सामने १७ होतांच ते बहुतेक संघांस तीनच उरले. २०२० सालीं महामारीमुळें ते मुळींच झाले नाहींत. या काळांत संघाजवळ ९० पर्यंत गडी असतात व हंगामारंभीं त्यांतील ५३ ठेवावयाचे असतात. म्हणजे नामांकितांस हा सराव, तर शेवटल्या जागांसाठीं झगडणाऱ्यांस हा पोटापाण्याचा प्रश्न.

नामांकितांस जपण्याचें कारणही अनुभवाचें आहे. १९९९ च्या ऑगस्टांत सेंट लुइस रॅम्स संघाचा नायक ट्रेंट ग्रीन याचा गुडघा अशाच एका सामन्यांत निकामी झाला. त्याच्या जागीं आलेला कर्ट वॉर्नर पूर्वीं एका दुकानांत रात्रपाळीस माल रचीत असे. त्यानें त्या वर्षीं संघास अजिंक्यपद मिळवून दिलें. असें दैव प्रत्येकाचें नसतें. २००३ च्या ऑगस्टांत अटलांटा संघाच्या मायकेल व्हिक याचा पाय मोडला आणि त्या संघाचा हंगाम वायां गेला. पुढें शिक्षक सावध झाले. २०१८ सालीं लॉस एंजेलिस येथें गेलेल्या रॅम्सनीं आपल्या नायकास या सामन्यांत उतरविलेंच नाहीं, तरी संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला.

यामुळें ऑगस्टांत निवडीचें सारें शास्त्र उलटें होतें. सर्वांत मोठें नांव सर्वांत निरुपयोगी. कारण तें बांकावर बसणार. उलट तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक, जो सबंध उत्तरार्ध खेळेल, तो मोलाचा. जाणता निवडणारा गेल्या वर्षाचे आंकडे बाजूस ठेवतो आणि स्थानिक वृत्तपत्रांत शिक्षक काय बोलला तें वाचतो. कोणाची जागा पक्की, कोणाची डळमळीत, एका जागेसाठीं किती उमेदवार, कोणास दुखापत, एवढ्यावर त्याची निवड ठरते. एका संघाजवळ नायक दोनच असले, तर प्रत्येकाच्या वांट्यास अधिक वेळ येणार, हें साधें गणितही येथें कामास येतें. मात्र या ज्ञानाची मर्यादाही इतिहासानें दाखविली आहे. बाल्टिमोर रेव्हन्स संघानें हंगामापूर्वींचे लागोपाठ २४ सामने जिंकले व २०२३ सालीं ती मालिका संपली. पण डेट्रॉइटनें २००८ सालीं आणि क्लीव्हलंडनें २०१७ सालीं असे चारही सामने जिंकून पुढें मुख्य हंगामांतील सोळाच्या सोळा सामने गमावले.

मग प्रश्न येतो कीं, हें कौशल्य कीं जुगार? २०१५ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनीं याला जुगार ठरवून दोन्ही कंपन्यांस व्यवहार थांबविण्यास सांगितलें. १९१६ नव्हे, तर २०१६ च्या ऑगस्टांत त्याच राज्यानें कायदा करून खेळास परवानगी दिली. आणि तो कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं, न्यायाधीशांत मतभेद असतांही, उचलून धरला. कौशल्याचा दावा सर्वस्वीं खोटा नव्हता. परंतु तो जितका खरा, तितकी सामान्य माणसाची स्थिति अवघड. २०१५ च्या बेसबॉल हंगामाच्या पूर्वार्धाची मॅकिन्से या सल्लागार संस्थेच्या माणसांनीं तपासणी केली, तेव्हां खेळणाऱ्यांपैकीं १.३ टक्के लोकांनीं ९१ टक्के नफा नेल्याचें दिसलें. नुसता जुगार असता तर हार आणि जीत पुष्कळांत वांटली गेली असती. कौशल्य आहे म्हणूनच हौशी माणूस तरबेजाचें भक्ष्य होतो.

हा वाद महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. शब्दकोड्यांच्या बक्षिसी स्पर्धांस आळा घालण्यासाठीं मुंबई सरकारनें १९४८ सालीं कायदा केला होता. त्यावरील खटल्यांतून १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कौशल्यावर पुष्कळसें अवलंबून असलेली स्पर्धा आणि जुगार यांत भेद केला. त्याच भेदाच्या परंपरेंत, २०१९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें मुंबईंतीलच 'ड्रीम इलेव्हन' या कंपनीचा काल्पनिक क्रिकेट संघांचा खेळ कौशल्याचा मानला. पण २०२५ च्या ऑगस्टांत भारताच्या संसदेनें आंतरजालावरील पैशाचे खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंद करणारा कायदा केला आणि त्या कंपनीनें पैशाच्या स्पर्धा थांबविल्या. जुना भेद येथें बाजूस पडला. घराच्या मिळकतीचें रक्षण हा विचार पुढें आला.

तळघरांत जमलेल्या त्या मंडळींस हा पेंच पडला नाहीं, कारण त्यांचा प्रतिस्पर्धी समोर बसलेला, ओळखीचा आणि त्यांच्याइतकाच जाणता किंवा अजाण होता. समोरचा माणूस दिसेनासा झाला, हंगामाचा दिवस झाला, आणि अखेर न मोजल्या जाणाऱ्या सामन्यांचीही मोजदाद सुरू झाली, तेव्हां ज्ञान कोणाजवळ आहे हेंच खेळणाऱ्यास कळेनासें झालें. खेळांत कौशल्य किती, हा प्रश्न न्यायालयांनीं पुष्कळ तपासला. तें कौशल्य डावास बसलेल्यांत कसें वांटलेलें आहे, हा प्रश्नही तितक्याच काळजीनें विचारला जावा, हेंच या कागदी संघांच्या साठ वर्षांच्या इतिहासाचें सार आहे.