देगलूरकर, गो. बं.

मूर्तिशास्त्र व मंदिरस्थापत्य यांचे अभ्यासक. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे प्राध्यापक, पुढे त्या अभिमत विद्यापीठाचे कुलपती. आडनाव नांदेड जिल्ह्यातील देगलूरचे. ‘टेंपल आर्किटेक्चर अँड स्कल्प्चर ऑफ महाराष्ट्र’ हा त्यांचा ग्रंथ नागपूर विद्यापीठाने १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या ‘विष्णुमूर्ते नमस्तुभ्यम्’ आणि ‘मंदिर कसे पाहावे’ या पुस्तकांचा रोख सामान्य मराठी वाचकाकडे आहे. त्यांची गणना पुरातत्त्वज्ञांत होते. पण मूर्तीविषयीचे विधान कोणालाही पडताळता यावे अशी पद्धत त्यांनी मराठीत रुजवली, आणि या अर्थाने ते कलासमीक्षकच ठरतात.

चतुर्भुज विष्णूचे उदाहरण पाहावे. शंख, चक्र, गदा आणि पद्म चार हातांत चोवीस प्रकारे मांडता येतात, तितकीच केशवादी नावे आहेत. उजव्या खालच्या हातापासून प्रदक्षिणाक्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा आले की मूर्ती केशवाची. हा क्रम कळलेला शेतकरीही गावच्या देवळात पंडिताची चूक दाखवू शकतो. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या जोव्हान्नी मोरेल्लीने कान आणि बोटे रंगवण्याच्या लकबीवरून चित्रकार ओळखण्याची रीत घातली. आपल्याकडे शिल्पी बहुधा अनामिक, त्यामुळे हात पाहून कर्ता नव्हे तर देव ओळखायचा. पुरावा मात्र दोन्हीकडे डोळ्यांसमोरचाच.

यावर पहिला आक्षेप असा की ही पोथीच्या आधाराने दगडाची परीक्षा झाली, आणि पोथ्यांतही एकमत नाही. अग्निपुराण, रूपमंडन आणि देवगिरीच्या हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ यांत काही रूपांचे क्रम जुळत नाहीत. आक्षेप खरा आहे. तरीही कोणता शिल्पी कोणती परंपरा पाळत होता हे या फरकातूनच शोधता येते, म्हणजे मतभेद हीसुद्धा सामग्रीच. मर्यादा पडते ती मूर्ती भग्न असल्यावर. कंधारच्या महाकाय मूर्तीचे पाऊल आणि काही तुकडेच उरले आहेत. तिथे आयुधक्रम काय सांगणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. देगलूर तालुक्यातील होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिराच्या किंवा लातूर जिल्ह्यातील निलंग्याच्या नीलकंठेश्वराच्या बाह्यभिंतीवरील सुरसुंदरी, म्हणजे देवांगनांच्या मूर्ती, देगलूरकरांना निव्वळ सजावट वाटत नाहीत. त्यांत ते आशय शोधतात. टीकाकार म्हणेल, हा अर्थ बाहेरून चिकटवलेला आहे. ‘क्षीरार्णव’ देवांगनांची नावे देतो खरा, पण तो ग्रंथ पश्चिम भारतातला. चालुक्यकालीन होट्टलसाठी त्याची साक्ष दुबळीच. मात्र सुरसुंदरींच्या जागा आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या ठरावीक भूमिका पाहता केवळ हौसेने कोरकाम केले असे म्हणणेही टिकत नाही. प्रत्येक मूर्तीचा अर्थ सिद्ध झालेला नाही. योजना होती एवढे मान्य करावे लागते.

रूपाची चर्चा, म्हणजे दगडाचा पोत, अंगाचा तोल, छिन्नीची सफाई, या लेखनात ओळखीच्या मानाने मागे राहते. ही उणीव आहे, पण ती पुढच्या पायरीची. देव चुकीचा ओळखून केलेली सौंदर्यचर्चा मराठीत पुष्कळ झाली आहे. ती थांबवण्याचे श्रेय या अभ्यासाला द्यावे लागेल.