तूप, पात्र आणि घरचा व्हिडिओ कन्व्हर्टर

व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटवरून सीडी, सीडीवरून संगणकातली फाइल, तिच्यावरून मोबाइलसाठी आणखी लहान फाइल, असं घरोघरी झालेलं आहे. दर पायरीला चित्रातलं काहीतरी गेलं, आणि गेलेलं परत येत नाही. आजीचा चेहरा चौकोनी ठिपक्यांचा होऊन बसतो.

हे चौकोन आले कुठून? मूळचे बंगळूरचे नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत. 1972 साली त्यांनी एका गणिती कल्पनेसाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. मिळालं नाही; कल्पना फारच साधी ठरली! 1974 मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर त्यांनी ती प्रसिद्ध केली: डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. चित्राचे लहान चौकोन पाडायचे, आणि प्रत्येकात ढोबळ छटा किती, बारीक तपशील किती, ते वेगळं काढायचं. इथवर काहीच हरवत नाही हं. हरवतं पुढे, डोळ्याला कमी जाणवणारा तपशील आपण ढोबळ आकड्यांत गुंडाळतो तेव्हा. 1993 चं एमपेग-1 आणि त्यावरची व्हीसीडी, मग डीव्हीडीचं एमपेग-2, 2003 चं एच.264, सगळे याच वाटेनं गेले.

आता खरा गोंधळ. 'माझी फाइल एमपी4 आहे' असं आपण म्हणतो. तुपाला पात्राचा आधार की पात्राला तुपाचा, असा वाद घालणारा नैयायिक तुम्हाला ठाऊक आहेच. इथे त्याची थट्टा करू नका! एमपी4, एमकेव्ही ही पात्रं, एच.264 हे तूप. पुष्कळदा टीव्हीला फक्त पात्र चालत नसतं, आणि आपण तूप पुन्हा कढवतो. विनाकारण.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हा: याला नुसतं पात्र बदलता येतं का? फाब्रिस बेलार यांनी 2000 साली सुरू केलेल्या एफएफएमपेगला येतं, 'कॉपी' असा आदेश दिला की झालं. काम मिनिटभराचं, नुकसान शून्य. मात्र आदेश टाइप करावा लागतो, म्हणून लोक बिचकतात. 2003 चं हँडब्रेक वापरायला सोपं, पण ते चित्र प्रत्येक वेळी नव्यानंच कढवतं. दोन्ही फुकट. पैसे घेणाऱ्या कित्येक कन्व्हर्टरांच्या पोटात तेच एफएफएमपेग असतं, हे माझ्या मते ग्राहकाला कुणीतरी सांगायला हवं.

फुकट म्हणून कुठूनही उतरवू नये, हेही खरं. मे 2017 मध्ये हँडब्रेकच्याच एका डाउनलोड सर्व्हरवर मॅकची प्रत काही दिवस बदललेली होती, आत हेरगिरीचा प्रोग्राम. तेव्हा संकेतस्थळावर दिलेला चेकसम जुळवून बघायचा.

कढवावंच लागलं तर हँडब्रेकमध्ये गुणवत्तेचा आकडा असतो. जुन्या डीव्हीडीच्या आकाराच्या चित्राला 18 ते 22 ठेवा. आकडा लहान, तितकी फाइल मोठी. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं, प्रत्येक दोन अर्ध्यांत विणलेलं. हलत्या हातांच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसले, तर 'डीइंटरलेस' लावायचं. आणि हे सगळे प्रयोग प्रतीवर करायचे. पहिली फाइल आणि कॅसेट, दोन्ही जागच्या जागी राहू देत.