परदेशी जाताना गाडी सोबत न्यावी का? आधी नियम बघा, मग हिशोब करा

नोकरी, पीआर किंवा शिक्षणासाठी परदेशी जायचं ठरलं की सामानाची यादी सुरू होते. कपडे, लॅपटॉप, प्रेशर कुकर, मसाले... आणि मग कोणीतरी विचारतं, "गाडीचं काय करायचं?" दोन-तीन वर्षं वापरलेली, हफ्ते फेडलेली, हाताला बसलेली गाडी. जहाजाने पाठवता येत असेल तर विकायची कशाला?

पाठवता येते, हे खरं आहे. पण बहुतेक जण पहिला फोन शिपिंगवाल्याला लावतात आणि "भाडं किती?" असं विचारतात. माझ्या मते हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, तो देश तुमची गाडी रस्त्यावर येऊ देणार आहे का? उत्तर 'नाही' असेल तर भाडं फुकट असलं तरी उपयोग नाही. म्हणून या लेखात मी त्याच क्रमाने जाणार आहे: नियम, खर्च, आणि तिथे गेल्यावर गाडीचं काय होतं.

पायरी १: देश गाडी घेतो का?

भारतातली गाडी उजव्या स्टीअरिंगची असते आणि भारतीय मानकांनुसार बनलेली असते. या दोन गोष्टींवरच अर्धा निकाल लागतो.

• अमेरिका: २५ वर्षांपेक्षा कमी वयाची गाडी अमेरिकेच्या सुरक्षा मानकांनुसारच बनलेली असावी लागते. भारतीय बाजारासाठी बनलेल्या गाड्या तशा नसतात. त्यामुळे नेहमीच्या वापरातल्या गाडीसाठी उत्तर जवळपास 'नाही' असंच आहे.

• कॅनडा: तत्त्व तेच, फक्त वयाची अट १५ वर्षांची.

• संयुक्त अरब अमिराती: दुबई, अबुधाबीत उजव्या स्टीअरिंगच्या गाडीची नेहमीसारखी नोंदणी होत नाही. विषय तिथेच संपतो.

• सिंगापूर: स्टीअरिंग आपल्याच बाजूला, पण ३ वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आणता येत नाही. वर गाडी ठेवण्याचा परवाना लिलावात घ्यावा लागतो आणि तो अनेकदा गाडीपेक्षा महाग पडतो.

• ब्रिटन: इथे शक्यता आहे. तुम्ही किमान १२ महिने ब्रिटनबाहेर राहिला असाल आणि गाडी किमान ६ महिने तुमच्या मालकीची व वापरात असेल, तर स्थलांतराच्या सवलतीखाली कर माफ होऊ शकतो. अट अशी की त्यानंतर १२ महिने ती विकता किंवा भाड्याने देता येत नाही. सवलत नसेल तर साधारण १० टक्के ड्युटी आणि २० टक्के व्हॅट. शिवाय १० वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाडीला तांत्रिक मान्यता घ्यावी लागते.

• जर्मनी: सवलतीच्या अटी ब्रिटनसारख्याच, पण वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने. म्हणजे हेडलाइटपासून बदल करावे लागतात आणि गाडीची स्वतंत्र तपासणी होते.

• ऑस्ट्रेलिया: कायमचं राहायला जाणाऱ्यांसाठी वेगळा मार्ग आहे. गाडी परदेशात सलग किमान १२ महिने तुमच्या मालकीची आणि वापरात असली पाहिजे. परवानगी गाडी जहाजावर चढण्याआधी हातात हवी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. यातल्या सवलती 'राहायला जाणाऱ्या' लोकांसाठी आहेत. दोन वर्षांच्या कोर्ससाठी जाणारा विद्यार्थी अनेकदा त्यात बसत नाही. त्यामुळे व्हिसा कोणता आहे, हे गाडीच्या कागदांइतकंच महत्त्वाचं.

पायरी २: खरा खर्च कसा काढायचा?

गाडी पाठवण्याचे दोन मार्ग आहेत. एक रो-रो, म्हणजे गाडी चालवत जहाजात नेऊन उभी करतात आणि तिकडे चालवत उतरवतात. हा सहसा स्वस्त असतो, पण गाडीत सामान भरू देत नाहीत. दुसरा कंटेनर. २० फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब असतो. आपल्याकडची ४ मीटरच्या आतली हॅचबॅक त्यात आरामात बसते.

पण भाडं ही फक्त सुरुवात. त्यावर विमा, बंदरातले चार्जेस, कस्टम्स एजंटची फी, ड्युटी, तांत्रिक बदल आणि नोंदणी. कागद अडकले आणि गाडी बंदरात पडून राहिली, तर दिवसागणिक भाडं चढतं.

माझा मावसभाऊ पीआर मिळवून नाशिकहून मेलबर्नला निघाला, तेव्हा आम्ही हाच हिशोब कागदावर मांडला. गाडी तीन वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या अटीत बसणारी. तुम्हाला पद्धत कळावी म्हणून इथे सोपे, धरून चाललेले आकडे घेतो. हे बाजारातले दर नाहीत.

समजा गाडीची आजची किंमत ५ लाख, आणि कस्टम्सनेही ती मान्य केली. जहाजभाडं आणि विमा मिळून २ लाख. तिथली ड्युटी सर्वसाधारण ५ टक्के दराने धरली तर २५ हजार. आता गंमत बघा. तिथला १० टक्के जीएसटी फक्त गाडीवर लागत नाही. गाडी, ड्युटी, भाडं आणि विमा या सगळ्याच्या बेरजेवर लागतो. म्हणजे ७ लाख २५ हजारांवर ७२,५००. बंदर, सफाई, तपासणी आणि नोंदणीसाठी आणखी १ लाख धरू. एकूण खर्च ३ लाख ९७ हजार ५००.

आता लोक म्हणतात, "चार लाखांत गाडी तिकडे पोचली, वाईट काय?" पण हिशोब असा होत नाही. गाडी इथे विकली असती तर ५ लाख हातात आले असते. ते तुम्ही सोडले. म्हणजे तिथे उभी असलेली ती गाडी तुम्हाला जवळपास ९ लाखांना पडली.

सूत्र एवढंच: इथली विक्री किंमत + नेण्याचा सगळा खर्च = त्या गाडीची तिथली खरी किंमत. या रकमेत तिथे कोणती सेकंडहँड गाडी मिळते ते तिथल्या साइटवर शोधा. दहा मिनिटांचं काम आहे.

मावसभावाच्या गाडीला मावशीने पहिल्या दिवशी ओवाळलं होतं, नारळ फोडला होता. त्याची किंमत कोणत्याही हिशोबात बसत नाही, आणि ती मोजूही नये. पण भावनेसाठी किती रक्कम मोजतोय, हे माहीत असलेलं बरं. आकडा समोर आल्यावर त्याने गाडी बहिणीच्या नावावर केली. ती आजही नाशिकमध्येच फिरते.

पायरी ३: गाडी पोचली, पुढे काय?

पार्ट्स: मॉडेलचं नाव तेच असलं तरी भारतातली आणि परदेशातली गाडी आतून वेगळी असू शकते. कंपनीची वॉरंटी सहसा ज्या देशात गाडी विकली तिथेच चालते.

कनेक्टेड फीचर्स: मोबाइल ॲपवरून एसी चालू करणं, लोकेशन बघणं हे गाडीतल्या सिमवर आणि कंपनीच्या सर्व्हरवर चालतं. ती सेवा भारतापुरती असेल तर तिकडे ॲप नुसतं आयकॉन म्हणून उरेल.

ईव्ही: भारतात बहुतेक इलेक्ट्रिक कारना सीसीएस-२ फास्ट चार्जिंग पोर्ट असतो. युरोप आणि ऑस्ट्रेलियात तो चालतो. उत्तर अमेरिकेत वेगळे पोर्ट आहेत. शिवाय लिथियम बॅटरीची गाडी जहाजावर धोकादायक माल म्हणून गणली जाते, त्यामुळे सगळ्याच कंपन्या ती सहज घेत नाहीत.

सफाई आणि ॲस्बेस्टॉस: ऑस्ट्रेलियात चाकाखालची माती, बिया, सुकं गवत चालत नाही. ब्रेक पॅड किंवा गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असेल तर गाडी अडकते, कारण तिथे त्यावर पूर्ण बंदी आहे.

समुद्रातला धोका: फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फेलिसिटी एस' या जहाजाला अझोर्स बेटांजवळ आग लागली आणि सुमारे ४,००० गाड्यांसह ते बुडालं. असं रोज होत नाही, पण विमा न काढण्याइतकं अशक्यही नाही. आणखी एक नियम माहीत असू द्या. जहाज वाचवण्यासाठी मोठा खर्च झाला, तर तो जहाजावरच्या सगळ्या मालाच्या मालकांत वाटला जाऊ शकतो. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या 'एव्हर गिव्हन'च्या वेळी असंच जाहीर झालं. तुमच्या मालाला ओरखडा नसला तरी हिस्सा भरावा लागतो. पॉलिसीत हे कव्हर आहे का, ते विचारा.

मग न्यावी कधी?

मी 'हो' म्हणेन ते अशा वेळी: कायमचं जाताय, देश डाव्या बाजूने गाडी चालवणारा आहे, करसवलत नक्की मिळतेय, आणि गाडी दुर्मिळ किंवा खास तुमच्या गरजेनुसार बदललेली आहे. उदाहरणार्थ, अपंग व्यक्तीसाठी हँड कंट्रोल बसवलेली गाडी. साध्या हॅचबॅकसाठी माझं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असंच असतं.

गाडी इथेच ठेवणार किंवा विकणार असाल तर

१. विकल्यावर फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नवीन मालकाच्या नावावर झालीच पाहिजे. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकाची. तुम्ही मेलबर्नमध्ये आणि नोटीस नाशिकच्या घरी, असं नको. एमपरिवहन ॲपवर नाव बदललेलं स्वतः बघा.

२. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवा. गाडी पाठवायची असली तरी हे लागतंच.

३. फास्टॅग बंद करा.

४. गाडीच्या स्क्रीनवर फॅक्टरी रीसेट मारा. तुमचे कॉन्टॅक्ट्स, घराचा पत्ता, कॉल लिस्ट त्यात असते. कनेक्टेड कारच्या ॲपमधूनही गाडी काढून टाका.

५. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. ते ३ वर्षं चालतं.

६. भारतातलं सिम चालू ठेवा. आरटीओची ऑनलाइन कामं ओटीपीवर चालतात.

७. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट निघण्याआधी काढा. परिवहन पोर्टलवर अर्ज होतो, फी १,००० रुपये, मुदत १ वर्ष.

८. गाडी घरच्यांसाठी ठेवत असाल तर विमा आणि पीयूसीच्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि तेच रिमाइंडर घरच्यांच्या फोनमध्येही.

कोटेशन मागवण्याआधी त्या देशाच्या सरकारी साइटवर 'स्थलांतर करताना वाहन आयात' हे पान शोधून वाचा. नियम आणि कर बदलत असतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचा अनुभव पुरेसा नाही. परवानगी लेखी मिळेपर्यंत गाडी बंदरात नेऊ नका.