मालट्रकचे अपघात आणि भरपाईचा कायदा

अपघातात दगावलेल्या माणसाच्या वारसांना भरपाई मागण्याचा हक्क भारतात प्रथम 1855 च्या प्राणांतिक अपघात कायद्याने मिळाला. इंग्लंडमध्ये 1846 साली संमत झालेल्या आणि लॉर्ड कॅम्पबेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याच्या धर्तीवर तो बेतलेला होता, आणि तो झाला तेव्हा बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावू लागून जेमतेम दोन वर्षे लोटली होती. पुढे रस्त्यावर मालट्रक आले, तेव्हाही त्यांच्या धडकेत मेलेल्यांच्या वारसांना याच जुन्या कायद्याचा आधार घ्यावा लागे. दिवाणी न्यायालयात दावा लावायचा, मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात न्यायालयीन शुल्क भरायचे, चालकाची हयगय, म्हणजे वाजवी काळजी घेण्यातली कसूर, साक्षीपुराव्याने शाबीत करायची, आणि एवढे करून हुकूमनामा हाती पडला तरी चालकाजवळ फुटकी कवडी नाही आणि मालकाचा ट्रक कर्जात गहाण, अशी गत अनेकदा होई.

ही अडचण ओळखून 1939 च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा केला. विम्याचा करार वाहनमालक आणि विमा कंपनी या दोघांत होतो. त्या कराराबाहेरचा, पण वाहनामुळे इजा झालेला माणूस तो त्रयस्थ. कायद्यातले विम्याचे हे प्रकरण प्रत्यक्षात 1 जुलै 1946 पासून अमलात आले. मात्र मालवाहू वाहनाच्या बाबतीत कंपनीच्या दायित्वाला 20 हजार रुपयांची कमाल मर्यादा होती, जी 1970 साली 50 हजारांवर आणि 1982 साली दीड लाखावर गेली. कायद्यात एका अपघातासाठी ‘एकूण’ असा शब्द असल्याने त्याचा शब्दशः अर्थ घेतला, तर ट्रकखाली एक जण सापडो की दहा, सर्वांनी मिळून तीच रक्कम वाटून घ्यायची होती. ट्रक आणि मोटारगाडी यांच्या 1966 मधील एका टकरीवरून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी 1981 साली असा निर्वाळा दिला की जखमी होणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीने तो स्वतंत्र अपघातच असतो, म्हणून ही मर्यादा माणशी धरली पाहिजे. व्याकरणाच्या तराजूत हा अर्थ थोडा ओढूनताणून आणलेला दिसेल, परंतु विमा सक्तीचा करण्यामागचा हेतू त्यानेच राखला, हे मान्य करावे लागते.

दरम्यान 1956 च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे अस्तित्वात आली होती. नाममात्र शुल्क, पुराव्याच्या नियमांत शिथिलता आणि संक्षिप्त कार्यपद्धती ही त्यांची वैशिष्ट्ये. पोलिसांचा घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि विमापत्राची प्रत एवढ्या कागदांवर दावा उभा राहू लागला. मंच सोपा झाला, पण हयगय सिद्ध करण्याचे ओझे उतरले की नाही, याविषयी न्यायालयांत मतभेद राहिले. मुंबई उच्च न्यायालयाने ते उतरले असे मानले. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका ट्रक-अपघाताच्या प्रकरणात 1977 साली ते मत अमान्य केले. अखेर संसदेने 1 ऑक्टोबर 1982 पासून दोषनिरपेक्ष दायित्वाचे कलम आणले. चूक कोणाची याची चर्चा न करता मृत्यूसाठी 15 हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार रुपये ताबडतोब द्यावेत, अशी ती तरतूद होती.

तिची खरी कसोटी सातारा जिल्ह्यात लागली. 29 ऑक्टोबर 1987 च्या पहाटे तीनच्या सुमारास, पुण्याकडून बंगळूरकडे निघालेला पेट्रोलचा टँकर आणि समोरून येणारा कांद्याचा ट्रक यांची राष्ट्रीय महामार्ग 4 वर कवठे गावाजवळ टक्कर झाली. टँकर रस्त्याच्या कडेला कलंडला, त्यातून पेट्रोल गळून आसपास साचले, आणि सुमारे चार तासांनी, सकाळी सव्वासातच्या सुमारास, स्फोट होऊन भोवती जमलेली माणसे होरपळली. त्यांतील काही दगावली. मालकाच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की उलटून पडलेला टँकर ‘वापरात’ नव्हता, आणि लोक पेट्रोल चोरू पाहत होते म्हणून आग लागली. मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले: बिघाडाने वा अपघाताने जागच्या जागी पडून राहिलेले वाहनही वापरातच असते, आणि अपघाताचा वापराशी असलेला कार्यकारणसंबंध थेटच असला पाहिजे असे नाही. या निकालाने मालवाहतुकीचा धंदा करणाऱ्यावर मालाच्या धोकेदायकपणाचीही जबाबदारी आली.

विमा कंपन्यांची एक ढाल म्हणजे चालकाचा परवाना. गुजरातमधील एका ट्रकचा चालक इंजिन चालू ठेवून, किल्ली तशीच सोडून खाण्याचे पदार्थ आणायला उतरला. मागे राहिलेल्या विनापरवाना क्लीनरने ट्रक हाकला आणि त्यात एकाचा प्राण गेला. परवाना नसलेल्याने वाहन चालवल्यास कंपनी जबाबदार नाही, असे विमापत्रात लिहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये सांगितले की अटीचा भंग मालकाने जाणूनबुजून केलेला असला पाहिजे. परवानाधारक चालक नेमणाऱ्या मालकाने तो केला नाही, म्हणून कंपनीने पैसे द्यावेत. क्लीनरने स्टिअरिंग धरणे ही ट्रकधंद्यातली नित्याची गोष्ट असल्याने या निकालाचे मोल मोठे आहे.

1 जुलै 1989 पासून लागू झालेल्या नव्या मोटार वाहन कायद्याने मृत्यू व शारीरिक इजेच्या बाबतीत रकमेची मर्यादाच काढून टाकली. तरी ही सारी उदारता प्रामुख्याने ट्रकबाहेरच्या माणसासाठी होती. हौद्यातल्या माणसाचा प्रश्न वेगळा राहिला. एस.टी. न पोहोचणाऱ्या गावांत लग्नाचे वऱ्हाड, जत्रेचे भाविक आणि मजुरांच्या टोळ्या फाळक्याला धरून ट्रकमधून जात आल्या आहेत, पण कायद्याच्या लेखी मालवाहू वाहनात प्रवासी नसतोच. 1994 च्या दुरुस्तीने मालासोबत जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना विम्याच्या छत्राखाली घेतले. फुकट बसलेला माणूसही त्या छत्राखाली येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1999 मध्ये म्हटले. तीन न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर 2002 मध्ये ते उलटवले. जानेवारी 2004 मध्ये, कायद्याची स्थिती तोवर संदिग्ध होती हे लक्षात घेऊन, कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि मागाहून मालकाकडून वसूल करावी, असा तोडगा त्या प्रकरणापुरता निघाला. दोन मतांमधला हा पूल माणुसकीचा असला, तरी तो न्यायालयाच्या विवेकावर उभा आहे, हक्कावर नाही.

कायद्याने मालवाहू ट्रकमध्ये माणसे बसवण्यास केलेली मनाई योग्यच आहे. पण ती मोडणारा मालक, ट्रक भाड्याने ठरवणारा मुकादम आणि दुसरे वाहन नाही म्हणून हौद्यात चढणारा मजूर यांना भरपाईच्या हिशेबात एकाच तागडीत तोलणे न्याय्य नाही, आणि ती उणीव 2019 च्या दुरुस्तीनेही भरून काढलेली नाही.