खैरलांजी आणि साक्षीचा हक्क

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी माणसाला ठाऊक आहे. ज्यांनी ती घडवली त्यांच्या दृष्टीने कोर्ट म्हणजे पैशाची आणि वेळेची नासाडी. आपल्या वस्तीत मात्र ही म्हण निराळ्या अर्थाने सांगितली जाते. तिथे तिला 'आपल्याला याच गावात राहायचं आहे' एवढी जोड असते. सांगणारा भित्रा असतो असे नाही. साक्ष देणाऱ्या माणसाचे पुढे काय होते हे त्याने पाहिलेले असते. खैरलांजीच्या हत्याकांडाकडे या बाजूने फारसे पाहिले गेलेले नाही. त्या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले, मोर्चे निघाले, निकाल लागले. पण सुरेखा भोतमांगे ही आधी साक्षीदार होती आणि मग बळी ठरली, हा क्रम आपण विसरत चाललो आहोत. हा क्रम ध्यानात घेतला तरच घटनेचा अर्थ लागतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी क्रम पाहू. खैरलांजी हे भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले, धानाच्या पट्ट्यातले गाव. वस्ती बहुतेक इतर मागासवर्गीयांची. बौद्ध घरे दोनतीनच. त्यांतले एक भैयालाल भोतमांगे यांचे. पत्नी सुरेखा, मुलगे रोशन आणि सुधीर, शिकणारी मुलगी प्रियंका. सुमारे पाच एकर जमीन. त्या जमिनीतून वाट काढण्यावरून गावातल्या लोकांशी जुना वाद होता. या वादात भोतमांग्यांच्या पाठीशी उभे राहणारे एक गृहस्थ होते. शेजारच्या गावचे पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये. नात्याचे, आणि त्याहून अधिक अडीअडचणीला धावून येणारे स्नेही. ३ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीतल्या काही लोकांनी गजभिये यांना बेदम मारहाण केली. ती सुरेखा आणि प्रियंका या मायलेकींनी पाहिली. त्यांनी पोलिसांना जबाब दिला आणि मारणाऱ्यांची नावे सांगितली.

त्या जबाबावरून २९ सप्टेंबरला आरोपींना अटक झाली. त्याच दिवशी ते जामिनावर सुटले. त्याच संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या घरावर चालून आला. सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली, प्रेते कालव्यात टाकण्यात आली. भैयालाल तेवढे वाचले. सकाळी अटक, दिवसा जामीन, संध्याकाळी चार खून. जामीन मिळालेले आरोपी आणि त्यांच्याविरुद्ध नाव घेऊन बोललेली बाई एकाच गावात राहतात, तेव्हा त्या बाईच्या दाराशी एक शिपाई तरी उभा असावा, एवढा विचार कुणाच्याही मनात आला नाही. ज्या राज्ययंत्रणेने तिचा जबाब नोंदवून घेतला, तिने त्या जबाबाचे सगळे ओझे तिच्या एकटीच्या डोक्यावर ठेवले.

आता या घटनेची जी कारणे सांगितली गेली ती पाहा. कुणी म्हणाले, जमिनीचा तंटा. कुणी म्हणाले, अनैतिक संबंध. चार माणसे मारून झाल्यावर मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. न्यायालयाने या हत्या सूडापोटी झाल्या असे मानले. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये अकरापैकी आठ जणांना दोषी ठरवले. सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. परंतु अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा सिद्ध मानला नाही. स्त्रियांवरील अत्याचाराचा आरोपही टिकला नाही. तो टिकणार तरी कसा? पहिली शवचिकित्साच इतकी निष्काळजीपणे झाली होती की प्रियंकाचे प्रेत पुन्हा उकरून काढावे लागले. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलल्या. जातीचा मुद्दा तिथेही मान्य झाला नाही.

सूड, हे मान्य. पण सूड कशाचा? साक्षीचा. आणि एका बौद्ध बाईने पोलिसांपुढे नाव घेतले याचा एवढा राग गावाला का यावा? मारामाऱ्या गावोगाव होतात, एकमेकांविरुद्ध साक्षीही होतात. बरोबरीच्या माणसाने साक्ष दिली तर वैर धरले जाते, बोलणे बंद होते, फार तर डोकी फुटतात. त्यासाठी अख्खे घर पुसून टाकले जात नाही. घर पुसले जाते ते साक्ष देणाऱ्याला साक्ष देण्याचा अधिकारच नव्हता अशी मारणाऱ्याची खात्री असते म्हणून. ही खात्री जमिनीच्या तंट्यातून येत नाही. ती जातीतून येते. 'सूड' आणि 'जात' ही दोन वेगळी कारणे आहेत असे मानण्यात जी चूक झाली ती इथे आहे.

या खात्रीला इतिहास आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदारांचे नियम आहेत. स्त्रियांच्या साक्षी स्त्रियांनी द्याव्यात, द्विजांच्या द्विजांनी, शूद्रांच्या शूद्रांनी आणि अंत्यजांच्या अंत्यजांनी, अशी ही वाटणी. म्हणजे कोण खरे बोलतो याआधी कोण कोणाविषयी बोलू शकतो हे ठरवून टाकलेले. सत्यालाही जात चिकटवलेली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला त्यात पाण्याचा नकार होता तसा शब्दाचाही नकार होता, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. सुरेखा तर स्त्री आणि अस्पृश्य मानलेल्या जातीतली, दोन्ही. वरच्या पायरीवरच्या पुरुषांविरुद्ध तिने तोंड उघडले, तेव्हा तिने त्या जुन्या वाटणीच्या दोन्ही भिंती एकाच जबाबात पाडल्या.

याची दुसरी बाजू आणखी बोलकी आहे. जुन्या गावगाड्यात गावच्या शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष मोलाची मानली जात असे. शीव त्याला ठाऊक, राखणारा तो, म्हणून त्याने दाखवलेली हद्द गाव मान्य करी. म्हणजे महाराचा शब्द खोटा असतो असे गावाला कधीच वाटले नव्हते! गावाच्या जमिनीसाठी त्याचा शब्द प्रमाण होता. तोच माणूस स्वतःच्या जमिनीसाठी, स्वतःच्या माणसासाठी बोलला की त्याचा शब्द उद्धटपणा ठरे. साक्ष चालत होती ती चाकराची. नागरिकाची साक्ष चालत नव्हती. भोतमांग्यांच्या शेतातल्या वाटेचा वाद आणि सुरेखाचा जबाब या दोन्ही गोष्टी या इतिहासाच्या उजेडात पाहिल्या तर तिने काय केले ते कळते. ती गावाची चाकर म्हणून बोलली नाही. संविधानाने तिला जे स्थान दिले होते तिथे उभी राहून बोलली.

जात आणि वंश एक नव्हेत. बाबासाहेबांनी १९१६ च्या आपल्या निबंधापासून पुढे वारंवार हे स्पष्ट केले की जातीचा उगम वंशभेदात शोधणे चूक आहे. पण दोहोंतले साम्यही त्यांना दिसत होते. म्हणूनच १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे करायच्या अर्जाची चौकशी केली. उगम वेगळा असला तरी दडपणाची हत्यारे सारखी असू शकतात. साक्षीदाराचे तोंड बंद करणे हे त्यांतले प्रमुख हत्यार. यादवी युद्धापूर्वी अमेरिकेच्या अनेक राज्यांत काळ्या माणसाला गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नसे. १८६६ च्या नागरी हक्क कायद्यात साक्ष देण्याचा हक्क मुद्दाम नोंदवावा लागला तो यामुळेच.

कायदा झाला, पण भय राहिले. मार्च १८९२ मध्ये मेम्फिस शहरात टॉमस मॉस आणि त्याच्या दोन साथीदारांना गोऱ्या जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन ठार केले. गोऱ्या दुकानदाराशी स्पर्धा करणारे किराणा दुकान चालवणे हा त्यांचा खरा गुन्हा. मॉस हा आयडा बी. वेल्स या पत्रकार शिक्षिकेचा जिवलग मित्र. तिने त्या मृत्यूचा माग काढला आणि 'फ्री स्पीच' या आपल्या पत्रात लिहिले की बलात्काराचा आरोप हे झुंडबळींचे निमित्त असते, कारण नव्हे. मे महिन्यात जमावाने तिच्या पत्राची कचेरी उद्ध्वस्त केली. ती बाहेरगावी होती म्हणून वाचली. मेम्फिसला परतणे तिला अशक्य झाले. पुढे १९५५ मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलचा खून झाला, तेव्हा त्याच्या आजोबांच्या नात्यातले मोझ राइट हे वृद्ध शेतकरी भर कोर्टात उभे राहिले आणि गोऱ्या आरोपीकडे बोट दाखवले. सर्व गोऱ्या ज्युरीने आरोपी सोडले. राइट यांना आपले पीक, आपले घर सोडून शिकागोला जावे लागले. मित्राच्या किंवा आपल्या माणसाच्या बाजूने बोललेल्या शब्दाची किंमत मेम्फिसला परागंदा होण्याची, मिसिसिपीत घरदार सोडण्याची आणि खैरलांजीत चार जिवांची. मेलेल्याच्या चारित्र्यावर चिखल फेकण्याची रीतही तीच.

म्हणून २००१ मध्ये दरबानच्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडला, आणि भारत सरकारने त्याला विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांचे म्हणणे तिथे ढालीसारखे वापरले गेले. परंतु बाबासाहेबांनी ते जात नष्ट करण्यासाठी सांगितले होते. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने वंशपरंपरेवर आधारलेल्या भेदभावात जातीचा अंतर्भाव होतो असे स्पष्ट केले. त्यानंतर चारच वर्षांनी खैरलांजी घडले.

आणि आपण काय केले? ऑक्टोबर २००६ मध्ये धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लाखो लोक दीक्षाभूमीवर जमले होते. काही तासांच्या अंतरावर हे घडून गेले होते, आणि बहुतेकांच्या कानावर ते आलेही नव्हते. वर्तमानपत्रे गप्प, पुढारी गप्प. नोव्हेंबरात नागपूर, भंडारा, अमरावती, यवतमाळ येथे जे लोक रस्त्यावर आले ते बहुतांशी पुढाऱ्यांच्या हाकेची वाट न पाहता आले. त्यांत बायाबापड्या होत्या, शिकणारी पोरे होती. राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांना त्या उद्रेकामागे नक्षलवादी दिसले. म्हणजे सुरेखाबद्दल बोलणाऱ्यांच्या शब्दालाही तोच नियम लावण्यात आला: तुम्ही स्वतःहून बोलूच शकत नाही, तुमच्या तोंडून दुसरेच कुणी बोलत असणार!

तरीही बोलणे वाया गेले नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती जानेवारी २०१६ पासून अमलात आली. गंभीर गुन्हा 'जातीच्या कारणावरून' झाला हे सिद्ध करण्याची जुनी अट बदलली. पीडित व्यक्ती अनुसूचित जाती वा जमातीची आहे हे आरोपीला ठाऊक होते, एवढे आता पुरते. त्याच दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण, कलम १५ अ, कायद्यात घातले. संरक्षण, प्रवासखर्च, पुनर्वसन, जामिनाच्या सुनावणीची सूचना आणि तिथे आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार त्यात आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. २९ सप्टेंबर २००६ च्या दिवशी यांतली एक तरतूद जरी जिवंत असती, आरोपी आज सुटत आहेत एवढे जरी सुरेखाला वेळेवर कळवले गेले असते, तर ती संध्याकाळ वेगळी गेली असती.

भैयालाल २० जानेवारी २०१७ रोजी गेले. दहा वर्षे ते कोर्टात, सभांत, पत्रकारांपुढे तीच हकीकत सांगत राहिले. घरातल्या चार माणसांच्या मृत्यूची साक्ष एका माणसाने दहा वर्षे वाहिली. आपण त्यांना हार घातले, व्यासपीठावर बसवले. त्यांचे ओझे मात्र फारसे वाटून घेतले नाही.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मोहाडी, तुमसर, साकोलीकडची मुले वर्गात असतात. गावात काही घडले की त्यांतला एखादा हळूच विचारतो, 'सर, जबाब द्यावा का?' त्याला शूर हो म्हणणे सोपे आहे. रात्री त्या गावात झोपायचे आहे ते त्याला. सुरेखा आणि प्रियंका शूर होत्या, आणि एकट्या होत्या. म्हणून मी त्याला म्हणतो, जबाब दे, पण एकटा जाऊ नकोस. ठाण्यात जाताना चार माणसे बरोबर ने. जबाबाची प्रत माग. संरक्षणाचा अर्ज त्याच दिवशी लेखी दे. जामिनाची तारीख वकिलाकडून विचारून ठेव, आणि त्या दिवशी, त्या रात्री तुझ्या घरी आम्ही येऊन बसू.

हे शेवटचे वाक्य शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी पाळायचे आहे. खैरलांजीच्या स्मृतिदिनी मेणबत्त्या लावायला आपण जमतो, त्यातली निम्मी माणसे जरी जामिनाच्या रात्री साक्षीदाराच्या अंगणात बसली तरी ती म्हण आपल्या वस्तीतून हद्दपार होईल.