पेशीचं दार आणि लकव्याचं घड्याळ

एखाद्याचा हात-पाय अचानक लुळा पडला की आपण म्हणतो, लकवा मारला. कुठे म्हणतात, अंगावरून वारं गेलं. पण यात वाऱ्याचा काही संबंध नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, नाही तर फुटते. रक्त थांबल्यावर मेंदूची पेशी नेमकी कशी मरते, हे कळायला माणसाला फार वर्षं लागली. त्या शोधाचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत, कारण त्यातला एक धागा आपल्या विदर्भाच्या ताटातून जातो.

१९०५ साली जॉन लँग्ली या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडलं, की औषध असो वा विष, पेशीत त्याला धरून घेणारी ठरावीक जागा असते, म्हणून ते काम करतं. तिला पुढे रिसेप्टर म्हणू लागले, मराठीत ग्राही. आपण तिला पेशीचं दार म्हणू. योग्य किल्ली लागली तरच ते उघडतं.

आता लाखोळीकडे येऊ. भंडारा-गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या बांधीत ही डाळ होते. पाणी कमी असो, जास्त असो, ती तग धरते. म्हणून दुष्काळात गरिबाचा तोच आधार. पण महिनोन्महिने फक्त तीच खाल्ली, तर पाय आखडतात, काठीशिवाय चालता येत नाही. सागर जिल्ह्यात गहू बुडाल्यावर असंच झालं, हे विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने १८४४ साली छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवलं. १९६४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अडिगा आणि सरमा यांनी या डाळीतलं विष वेगळं करून दाखवलं. पुढे कळलं, की ते चोरकिल्लीसारखं आहे. मेंदूत ग्लुटामेट नावाचा एक निरोप्या असतो. हे विष त्याच्याच दाराला लागतं आणि दार उघडं ठेवतं.

खरा निरोप्याही जास्त झाला तर घातक ठरतो. १९६९ साली अमेरिकेच्या जॉन ओल्नी यांनी उंदरांवर दाखवलं, की जास्तीच्या ग्लुटामेटने मेंदूच्या पेशी मरतात. लकव्यात हेच घडतं. रक्त थांबलं की उपाशी पेशी सगळं ग्लुटामेट बाहेर सांडतात. शेजारच्या पेशींची दारं उघडीच राहतात, कॅल्शियम आत घुसतं आणि त्याही मरतात. पऱ्हाटीला पाणी हवंच, पण वावरात पूर आला तर पीक सडतं, तसं.

मग शास्त्रज्ञांना वाटलं, दारच बंद करू. १९९०च्या दशकात तशी औषधं रोग्यांना देऊन पाहिली. प्राण्यांमध्ये गुण आला होता, माणसांत आला नाही. २००२ साली प्रयोगशाळेतल्या पेशींवर याचं एक कारण दिसलं. दोन पेशी जिथे जुळतात, त्या सांध्यावरचं दार पेशीला 'जग' असा निरोप देतं. सांध्याबाहेरचं तेच दार 'मर' असा निरोप देतं. सरसकट सगळी दारं लावली, तर राखणदारही बाहेरच राहतो. नेमकं वाईट दार लावणारं औषध अजून शोधताहेत.

तोवर आपल्या हाती काय? वेळ. १९९५ साली सिद्ध झालं, की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तीन तासांच्या आत दिलं तर अपंगत्व कमी होतं. २००८ साली ही मुदत साडेचार तासांवर गेली. ते देण्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो, कारण नस फुटली असेल तर तेच औषध घात करतं. मोठी नस बंद पडली, तर दर मिनिटाला अंदाजे १९ लाख पेशी मरतात. पहिले मालिश, मग झाडफूक, मग दवाखाना, या क्रमात ते साडेचार तास सरून जातात.

शेजारच्या गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंचा दोन वर्षं अभ्यास केला. २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण लकवा निघालं, सातातला एक मृत्यू त्याचा. बहुतेक माणसं घरीच गेली.

लकवा झाल्यावर गटातून कर्ज काढून औषधपाणी करायचं, हे आपण नेहमीच करतो. आता आधीचं काम करू. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी १०८ ला फोन लावायचा. केव्हा सुरू झालं ती वेळ लिहून ठेवायची. तोंडात पाणी, गोळी काही घालायचं नाही. सीटी स्कॅन असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, हे आशाताईंना विचारून येत्या बैठकीत गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहू. आणि तिशीपुढच्या प्रत्येकीने बीपी मोजून घ्यायचं. लकव्याचं सगळ्यात मोठं कारण वाढलेलं बीपी आहे, आणि त्याची गोळी सरकारी दवाखान्यात मिळते. बरं वाटतं म्हणून ती मध्येच सोडायची नाही.