'करमणूक' ते 'प्रतिलिपी' : क्रमशः लेखन आणि लेखकाचे स्वातंत्र्य

मराठीतील क्रमशः लेखनाची परंपरा आंतरजालाहून बरीच जुनी आहे. हरि नारायण आपटे (१८६४-१९१९) यांची 'मधली स्थिती' ही कादंबरी १८८५ मध्ये 'पुणे वैभव' पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली. १८९० मध्ये त्यांनी स्वतः 'करमणूक' साप्ताहिक काढले. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यातूनच प्रकरणाप्रकरणाने वाचकांपुढे आली. तथापि त्यांचा चरितार्थ केवळ कादंबरीवर विसंबून नव्हता. पुण्यातील आनंदाश्रम संस्थेचे व्यवस्थापनही त्यांच्याकडे होते.

२०१४ मध्ये बंगळूर येथे सुरू झालेल्या 'प्रतिलिपी' या व्यासपीठाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत हीच पद्धत नव्या माध्यमात आणली. छपाईचा खर्च आणि संपादकाची संमती हे दोन्ही अडसर त्यामुळे दूर झाले. वाचकांचा प्रतिसाद तत्काळ कळू लागला आणि त्यांच्या शुल्कातून काही लेखकांना उत्पन्नही मिळू लागले.

परंतु येथे एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. 'करमणूक'चा संस्थापक-संपादक स्वतः लेखकच होता; आजचे व्यासपीठ मात्र कंपनीच्या मालकीचे आहे. कोणती कथा पुढे आणावी, उत्पन्नाची वाटणी कशी करावी, हे लेखक ठरवीत नाही. म्हणूनच लेखकाच्या यशाचे मोजमाप केवळ वाचकसंख्येवरून करणे अपुरे ठरते. आपल्या लेखनाचे स्वामित्व त्याच्याकडे कितपत उरते, हीच खरी कसोटी होय.